डायलिसिसवरच्या माणसाच्या इकोत 'फुफ्फुसाचं प्रेशर' वाढलेलं आलं, तर गोळीच्या आधी वजनकाट्याकडे बघा

विचारणा थोडक्यात अशी आहे. वडील ५७ वर्षांचे, गाव परभणी जिल्ह्यात, शुगरमुळे किडन्या गेल्या आणि ५ वर्षांपासून आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस चालू आहे. डाव्या कोपराजवळ फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. दोन महिन्यांपासून चालताना दम लागायलाय म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला, त्यात आरव्हीएसपी, म्हणजे इकोवरून अंदाजानं काढलेलं फुफ्फुसाच्या नळीतलं प्रेशर, ६१ आलं आणि खाली लिहून आलं 'सिव्हिअर पल्मनरी हायपरटेन्शन'. हा फुफ्फुसाचा नवा रोग आहे का, हा पहिला प्रश्न. सिल्डेनाफिल (व्हायग्रा म्हणून ओळखतात तीच) लिहून मिळाली, मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघून विचारलं ही कुणासाठी, तेव्हापासून वडील ती गोळी घ्यायलाच तयार नाहीत. कुणी म्हणतंय फिस्टुला बंद करून टाका. आणि आई किडनी द्यायला तयार आहे पण आता ऑपरेशन होईल का नाही, ही घरातली खरी काळजी.

मी लातूरला २२ वर्षं डायलिसिसचेच पेशंट बघतोय, त्यामुळं हा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं मला महिन्यातून दोन-तीनदा भेटतातच. तुमचा प्रश्न वाचताना माझी नजर ६१ वर थांबली नाही, ती थांबली तुम्ही मधेच सहज लिहिलेल्या एका वाक्यावर, की 'इको सोमवारी सकाळी काढला, तिथूनच पुढं डायलिसिसला गेलो'. म्हणजे गुरुवारनंतर थेट सोमवारी. चार दिवसांचं सगळं पाणी अंगात असताना काढलेला इको आहे हा. आणि तुम्हीच लिहिलंय की त्या दिवशी वजन साडेचार किलो वर होतं. मग तो ६१ चा आकडा फुफ्फुसाचा किती आणि पाण्याचा किती हे त्या रिपोर्टवरून कुणीच सांगू शकत नाही, मी पण नाही.

आधी हे प्रेशर म्हणजे काय ते सांगतो, कारण इथं सगळ्यांचा घोटाळा होतो. पेशंट म्हणतात, साहेब आमचं बीपी तर १३०-८० आहे, मग हे कुठलं हायपरटेन्शन? दंडाला पट्टा बांधून मोजतो ते हृदयाच्या डाव्या बाजूचं प्रेशर. हे वेगळं, हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसात रक्त जातं त्या नळीतलं प्रेशर, आणि ते मुळात फार कमी असतं. वरचा आकडा साधारण ३५ च्या आत. बीपीच्या नेहमीच्या गोळीनं ते उतरेलच असं काही नसतं, कारण वाढायची कारणंच वेगळी असतात.

आपल्याकडं आता बऱ्याच शेतात ठिबक आहे म्हणून मी पेशंटला तसंच समजावतो. मेन लाइनमधलं प्रेशर चार कारणांनी वाढतं. मोटर गरजेपेक्षा जास्त पाणी फेकायलीय. किंवा पाणीच जास्त सोडलंय. किंवा पुढचा व्हॉल्व्ह नीट उघडत नाही म्हणून मागं पाणी तुंबतंय. किंवा लॅटरलमध्ये क्षार साचून पाइप आतून बारीक झालेत. डायलिसिसच्या माणसात हे चारही एकाच वेळी असू शकतं! फिस्टुलामुळं रक्ताचा प्रवाह जास्त, लघवी नसल्यामुळं अंगात पाणी जास्त, हृदयाची डावी बाजू जाड आणि कडक झाल्यामुळं पुढं रक्त उतरत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या किडनीच्या आजारानं फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यासुद्धा ताठर होतात, त्यांचं आकुंचन-प्रसरण नीट होत नाही. म्हणूनच जगभरच्या वर्गीकरणात पल्मनरी हायपरटेन्शनचे जे पाच गट आहेत त्यात किडनीवाले पाचव्या गटात टाकलेत, जिथं कारणं अनेक आणि गुंतलेली असतात तो गट. तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हा फुफ्फुसाचा नवा रोग आहेच असं नाही, बहुतेक वेळा तो नसतो. सीटी काढायला पळू नका लगेच.

आता तो ६१ कसा येतो ते बघा, यात लपवण्यासारखं काही नाही. इकोवाला उजव्या बाजूच्या झडपेतून मागं गळणाऱ्या रक्ताचा स्पीड मोजतो. त्या स्पीडचा वर्ग करून त्याला ४ नं गुणायचं. तुमच्या रिपोर्टात स्पीड ३.४ आहे, म्हणजे ४६ झाले. मग पोटातून हृदयाकडं येणारी मोठी शीर किती फुगलीय ते बघून अंदाजानं त्यात भर घालतात, शीर तट्ट फुगलेली असेल तर १५, श्वासाबरोबर छान मिटत असेल तर ३. तुमच्यात १५ घातलेत, ४६ आणि १५, झाले ६१. आता अंगात साडेचार लिटर पाणी जास्त असताना ती शीर फुगलेली नसेल तर काय असेल! आणि पाण्यामुळं तो स्पीडसुद्धा वाढतोच. समजा पाणी नीट काढल्यावर स्पीड २.९ वर आला आणि शीर मिटायला लागली, तर हिशोब ३४ आणि ३, म्हणजे ३७. माणूस तोच, हृदय तेच. म्हणून आजकाल बेरजेपेक्षा नुसत्या स्पीडवर जास्त भर देतात, २.८ च्या वर गेला तर संशय घ्यायचा. तरी इको म्हणजे संशयच, पक्कं निदान नळी घालून प्रेशर मोजल्यावरच होतं. त्यात सरासरी प्रेशर २० च्या वर असलं तर पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात, आधी ही रेषा २५ ची होती, २०१८ पासून २० वर आणली.

त्यामुळं पहिलं काम, इको परत काढा, पण डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी. तुमच्या बाबतीत मंगळवार किंवा शुक्रवार. आणि तोही लगेच उद्याचा मंगळवार नाही, आधी वजन नीट खाली आणा आणि मग. फक्त दम बसल्याजागी लागत असेल किंवा चक्कर येऊन पडले असतील तर वाट बघायची नाही, ते पुढं लिहितो.

वजन नीट खाली म्हणजे कुठंपर्यंत, हा खरा प्रश्न आहे आणि इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. आमच्यासुद्धा. औसा तालुक्यातले एक मामा माझ्याकडं होते, त्यांचं ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, कार्डावर ५८ लिहिलेलं, वर्षभर ५८ च. डायलिसिस झालं की काटा ५८ दाखवायचा आणि सगळे खूश. त्यांचं आरव्हीएसपी आलं ६५. मी त्यांना तपासायला शर्ट काढायला सांगितला तर गळ्याखालची हाडं वर आलेली, दंड काडीसारखे, आणि घोट्यावर मात्र बोट दाबलं की खड्डा पडतोय. वर्षभरात माणसाचं तीन-चार किलो मांस गेलं होतं, भूक नाही, प्रोटीन नाही, आणि गेलेल्या मांसाच्या जागी तेवढंच पाणी येऊन बसलं होतं. काट्याला काय कळणार त्यातलं, काटा तोच ५८. आम्ही सहा आठवडे थोडं थोडं करत, कधी २०० ग्रॅम कधी ३००, ५४.५ वर आणलं. मधे दोनदा पायात गोळे आले, एकदा बीपी पडलं, मामा चिडले, म्हणाले मला वाळवून मारता का. समजूत काढत गेलो. सहा आठवड्यांनी इको ३८. आणि मामा स्वतःच सांगत आले की आता बस स्टँडपासून चालत येतो, मधे बसावं लागत नाही. त्यांना एकही नवी गोळी दिली नव्हती, उलट बीपीच्या दोन बंद झाल्या. आणि मी ते कार्ड वर्षभर रोज बघत होतो, मला आधी दिसायला पाहिजे होतं ही बोचणी अजून आहे.

तुमच्या वडिलांचं ड्राय वेट शेवटचं कधी बदललं ते विचारा. दोन वर्षांपूर्वीचं असेल तर ते आज खरं नाही. काही सेंटरला आता छातीची सोनोग्राफी करून फुफ्फुसात पाणी आहे का बघतात, सोपी आणि बिनखर्चाची तपासणी आहे, मशीन तेच असतं. मिळाली तर करून घ्या.

आता पाणी काढायचं म्हणजे एका दिवशी ओरबाडायचं नाही. दर तासाला वजनाच्या किलोमागं साधारण १३ मिलीच्या आत राहावं असा नियम धरतात. ६० किलोच्या माणसाला चार तासांत ३ लिटरच्या थोडं वर, बस्स. साडेचार लिटर चार तासांत काढायला गेलं तर ते १९ च्या आसपास जातं, मग बीपी पडतं, सिस्टर सलाइन सोडते, म्हणजे काढलेलं मीठपाणी परत आत, आणि माणूस घरी जातो तो थकून आणि पाणी तसंच घेऊन. त्यामुळं तुम्हाला माझा आग्रहाचा सल्ला आहे, आठवड्याला तीन करा. निदान पुढचे दोन महिने तरी. मला माहितीय गावाकडून येणं, गाडीभाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, सगळं माहितीय. डायलिसिसचा खर्च महात्मा फुले योजनेतून भागतो आणि २०१६ पासून केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातसुद्धा सोय झालीय, पण येण्याजाण्याचं ओझं घरच्यांवरच पडतं. तरी चार दिवसांचा खाडा हा या आजारातला सगळ्यात मोठा शत्रू आहे, तो मोडायलाच पाहिजे. अजिबात जमत नसेल तर निदान चारच्या जागी पाच तास मिळतात का विचारा.

आणि पाणी येतं कुठून? सगळे म्हणतात पाणी कमी पी, पाणी कमी पी. मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर गेल्यावर कुणाला सांगता तुम्ही पाणी पिऊ नको म्हणून. मी पाण्यावर बोलतच नाही जास्त, मिठावर बोलतो. साधारण ८-९ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर त्याच्यामागं १ लिटर पाणी धरून ठेवतं, तेवढी तहान लागतेच, ती मनानं अडवता येत नाही. आता हिशोब करा. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्लं तर चार दिवसांत ४० ग्रॅम, म्हणजे साधारण साडेचार लिटर. तुमच्या वडिलांचं वजन किती वाढलं होतं? साडेचार. वडील खोटं बोलत नाहीयेत की मी पाणी मोजूनच पितो, बिचारे पीत असतील मोजून, पण मीठ कुणी मोजलं नाही.

आपल्या भाकरीत मीठ नसतं ही फार मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्या. मीठ असतं ते कोरड्यासात, ठेच्यात, शेंगदाण्याच्या चटणीत, लोणच्यात, पापडात, खारवलेल्या मिरच्यात. माझं सांगणं असं की घरातल्या सगळ्यांच्या भाजीतून वडिलांची वाटी मीठ घालायच्या आधी काढून ठेवा आणि दिवसाचं मीठ एका छोट्या डबीत पाऊण चमचा, म्हणजे साधारण ४ ग्रॅम, त्यांच्या हातात द्या, पाहिजे तिथं पाहिजे तसं घाला म्हणावं. पण मग बाहेरचं चिवडा-पापड-लोणचं काही नाही. लिंबू पिळलं, लसूण-जिरं-कोथिंबीर जास्त घातली की पंधरा दिवसांत जीभ रुळते. सैंधव मीठ चालतं असं कुणी सांगेल, ते सुद्धा मीठच आहे, काही फरक नाही. आणि बाजारात लो सोडियमचं मीठ मिळतं ते तर घरात आणूच नका, त्यात पोटॅशियम असतं, डायलिसिसच्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. नारळपाण्याचं पण तेच, उन्हाळ्यात पाहुणे प्रेमानं शहाळं घेऊन येतात, हात जोडा आणि परत पाठवा.

तहानेची अजून दोन कारणं असतात जी कुणी बघत नाही. एक, शुगर वाढलेली असली की तहान लागतेच, तुमच्या वडिलांना शुगर आहे, तीन महिन्यांची सरासरी काढा. दुसरं, मशीनच्या बाथमध्ये (रक्त साफ करायला वापरतात त्या द्रावणात) सोडियम जास्त ठेवलेलं असलं तर पेशंट डायलिसिसहून घरी जातानाच बाटली तोंडाला लावतो. बीपी पडू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी ते वाढवून ठेवतात. टेक्निशियनला सरळ विचारा, बाथचं सोडियम किती ठेवलंय, आणि डॉक्टरांशी बोला. त्यात राग येण्यासारखं काही नाही.

हे सगळं झाल्यावर हाताकडं या. फिस्टुला. मशीनला मिनिटाला २५०-३०० मिली रक्त लागतं, त्यासाठी फिस्टुलातून ६००-१००० मिलीचा प्रवाह भरपूर झाला. मनगटाचा फिस्टुला सहसा त्याच हद्दीत राहतो, कोपराचा मात्र वर्षं जातील तसा मोठा होत जातो आणि कधीकधी दीड-दोन लिटरच्या वर जातो. म्हणजे हृदयानं पंप केलेल्या रक्तातलं दोन लिटर रक्त कुठल्याही अवयवाला न जाता हातातून शॉर्टकट मारून परत हृदयाकडं आणि तिथून फुफ्फुसात. मिनिटाला दोन लिटर, दिवसरात्र. फुफ्फुसाच्या नळीतलं प्रेशर वाढायला तेवढं पुरतं. इस्राएलच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये हा संबंध पहिल्यांदा नीट मांडला, त्यांच्या हिमोडायलिसिसवरच्या पेशंटपैकी जवळपास ४० टक्के लोकांत इकोवर हे प्रेशर वाढलेलं निघालं, आणि फिस्टुला थोडा वेळ दाबून बंद ठेवल्यावर काहींचं प्रेशर खाली आलेलं दिसलं.

तपासताना मी एक साधी गोष्ट करतो. पेशंटला आडवं करून एका हातानं नाडी धरायची आणि दुसऱ्या अंगठ्यानं फिस्टुला दाबायचा, इतका की त्याची थरथर थांबली पाहिजे. साध्या फिस्टुलात फार काही होत नाही. मागच्या वर्षी एका मावशींचा दाबला, दंडावर दोन बोटं जाडीच्या वळ्या वर आलेल्या, नाडी होती ९२, अर्ध्या मिनिटात ७८ वर आली. सोडला की परत ९०. हृदय सांगत होतं की एवढा भार कमी करा. मग डॉपलर (रक्ताचा प्रवाह मोजायची सोनोग्राफी) केलं, दोन लिटरच्या वर प्रवाह निघाला. हे घरी करून बघू नका हं, दाबून ठेवलेला फिस्टुला बंद पडला तर वडिलांच्या जिवाची दोरी तुम्ही स्वतःच कापल्यासारखं होईल.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, फिस्टुला बंद करू नका. निदान असं ऐकीव माहितीवर तर नाहीच. आधी डॉपलरवर प्रवाह मोजा, हा ड्राय वेटवर असताना मोजा. दीड लिटरच्या आत असेल तर त्याला हातही लावायची गरज नाही. जास्त असेल तरी बंद करायच्या आधी तो अरुंद करता येतो, नळीला बाहेरून पट्टी घालतात त्याला बँडिंग म्हणतात, किंवा रक्त खालच्या बारीक धमनीतून घेतील अशी जोडणी बदलतात. व्हॅस्क्युलर सर्जनचं काम आहे, नेहमीच करणाऱ्याकडं करा. बंद करून मानेत परमकॅथ (डायलिसिससाठी शिरेत ठेवायची नळी) टाकला तर इन्फेक्शनचा धोका गळ्यात घेऊन फिराल, प्रेशर कमी झालं आणि पेशंट सेप्सिसनं, म्हणजे अंगभर पसरलेल्या इन्फेक्शननं गेला असं व्हायला नको. मी बंद करायला सांगितलेत असे फिस्टुला बोटावर मोजण्याइतके, ते पण हृदय पार थकलेलं होतं तेव्हा.

तिसरी गोष्ट हृदयाची डावी बाजू. इकोच्या रिपोर्टात खाली बारीक अक्षरात भिंतीची जाडी, ग्रेड टू डायस्टोलिक डिसफंक्शन (हृदय कडक झाल्यामुळं नीट सैल होत नाही), डावा कप्पा मोठा असं काय काय लिहिलेलं असतं, सगळे ते सोडून ठळक अक्षरातलं वाचतात. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टात डावा वरचा कप्पा मोठा आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पुढचा व्हॉल्व्ह अडकून मागं तुंबल्याचा प्रकार मोठ्या प्रमाणात असणार. बीपी ताब्यात पाहिजे, आणि मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) नीट बघून घ्यायला सांगा. आपल्या भागात लहानपणी ताप-सांधेदुखी होऊन झडप आकसलेली माणसं अजूनही सापडतात, डायलिसिसच्या गडबडीत ती झडप दोन-दोन वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय कॅल्शियम-फॉस्फरस-पॅराथायरॉइड बिघडलेलं असलं की झडपेवर चुना बसतो तो वेगळा.

हिमोग्लोबिन. ते ७ वर असेल तर हृदय दुपटीनं पळतंय आणि प्रेशर वाढणारच. १० ते ११.५ च्या दरम्यान ठेवा, आयर्न तपासून मग रक्तवाढीचं इंजेक्शन, नुसतं इंजेक्शन टोचत राहून आयर्नच नसेल तर काही होत नाही.

आणि मग राहतं फुफ्फुस. बिडी ओढत होते का, घोरतात का आणि घोरता घोरता श्वास थांबतो का, आधी टीबी झाला होता का. बायकांच्या बाबतीत मी चुलीचं विचारतोच, तीस वर्षं चुलीपुढं बसलेल्या बाईचं फुफ्फुस बिडीवाल्यासारखंच असतं. आधीचा फिस्टुला गुठळी होऊन बंद पडला असेल किंवा मानेत कॅथेटर बरेच महिने असेल तर फुफ्फुसात गुठळ्या गेल्यात का तेही बघावं लागतं, त्यासाठी एक वेगळं स्कॅन असतं. पण हे सगळं वजन उतरल्यावर. क्रम चुकवू नका, नाहीतर पैसे संपतात आणि पाणी तसंच राहतं.

आता ती गोळी. वडिलांना पहिल्यांदा सांगा की लाजायचं काही कारण नाही, सिल्डेनाफिल फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करते म्हणून लहान बाळांनासुद्धा देतात ती या आजारात. पण तुमच्या वडिलांना ती आज द्यावी असं मला वाटत नाही, आणि कारण लाजेचं नाही तर वैद्यकीय आहे. ही गोळी ज्यांच्या रक्तवाहिन्याच मूळ आजारी आहेत त्या पहिल्या गटातल्या पेशंटसाठी आहे. ज्याचं डावं हृदय कडक आहे त्याच्या फुफ्फुसात तुम्ही नळ सैल सोडला तर रक्त आत जास्त येणार आणि पुढं जायला वाट नाही, म्हणजे फुफ्फुसात पाणी भरायचा धोका. युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही डाव्या हृदयामुळं झालेल्या प्रकारात ही औषधं देऊ नका असंच म्हटलंय. वर मशीनवर बीपी पडणार ते वेगळं. आणि एक गोष्ट आजच बघा, वडिलांच्या पिशवीत सॉर्बिट्रेट किंवा छातीत दुखण्यासाठी देतात ती नायट्रेटची कुठलीही गोळी आहे का. असेल तर ती आणि सिल्डेनाफिल एकत्र कधीच नाही, बीपी इतकं पडतं की माणूस उठत नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांना भेटून हे सगळं सांगा, सोमवारी काढलेला इको होता हेही सांगा, त्यांच्यापर्यंत बहुतेक ते पोचलंच नसेल. ते ऐकून घेतील.

उजव्या बाजूला नळी घालून प्रेशर मोजायची तपासणी तुम्हाला लागेल का? वजन उतरलं, प्रवाह मोजला, हिमोग्लोबिन सुधारलं आणि तरीही स्पीड ३ च्या वर, उजवं हृदय फुगलेलं, दम तसाच, तर लागेल. ट्रान्सप्लांटची तयारी करताना पण मागतात. मानेतून किंवा मांडीतून करतात, अँजिओग्राफी होते त्याच कॅथ लॅबमध्ये, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर कुठंही जमतं. त्यातून पक्कं कळतं की तुंबारा पुढचा आहे, पाइप बारीक झालाय का नुसता प्रवाह जास्त आहे. तीही डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीच.

आईच्या किडनीचं. आकडा वाढला म्हणून ट्रान्सप्लांट गेलं असं समजू नका. मी वर सांगितलेल्या इस्राएलच्या पेशंटमध्ये ज्या थोड्यांचं ट्रान्सप्लांट झालं त्यातल्या बहुतेकांचं प्रेशर नंतर नॉर्मलला आलं, आणि माझ्या पेशंटमध्ये पण मी हे बघितलंय. पाणी गेलं, रक्त सुधारलं, की हृदय सावरतं. अडचण होते ती उजवं हृदय पूर्ण थकेपर्यंत वाट बघितली तर, मग भूलतज्ज्ञ हात लावायला धजत नाहीत आणि नवीन किडनीसुद्धा नीट चालत नाही. हे प्रेशर असलेल्या डायलिसिसच्या पेशंटला जिवाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरं आहे, ते मी तुमच्यापासून लपवत नाही, म्हणूनच म्हणतो की बघू पुढच्या दिवाळीला असं करू नका. आईच्या तपासण्या आजपासून चालू करा, वडिलांचं वजन उतरेपर्यंत त्या होऊन जातील. आईचं काही कारणानं जमलं नाही तर संभाजीनगरच्या झेडटीसीसीच्या (मृत दात्यांच्या अवयवांचं वाटप बघणारं विभागीय केंद्र) यादीत नाव टाकता येतं, मराठवाड्यासाठी तेच केंद्र आहे.

कधी वाट बघायची नाही ते सांगतो. रात्री आडवं पडलं की गुदमरून उठून बसतात, ओठ-नखं काळपट दिसतात, चालताना डोळ्यापुढं अंधार येऊन पडले, पोट फुगत चाललंय आणि उजव्या बरगडीखाली दुखतंय, किंवा डायलिसिस सुरू होऊन अर्धा तास होत नाही तोच बीपी ८० वर येतंय, असं प्रत्येक वेळी व्हायलंय, तर त्याच दिवशी जायचं. सोमवार असो का रविवार. डायलिसिसचा वार उद्यावर आहे म्हणून रात्र काढलेली माणसं मी सकाळी गमावलीत.

पुढं कळवाल तेव्हा एवढं लिहून पाठवा: मागच्या महिन्याभरातलं प्रत्येक डायलिसिसच्या आधीचं आणि नंतरचं वजन, बूट-चपला काढून केलेलं, आठही वेळचं. शेवटचं हिमोग्लोबिन. सगळ्या गोळ्यांची नावं, पाकिटाचा फोटो चालेल. कोपराचा फिस्टुला कुठल्या वर्षी केला आणि त्याआधी दुसरा होता का. आणि वडिलांना न विचारता दोन-तीन रात्री नुसतं बघा, झोपताना डोक्याखाली किती उशा घेतात. विचारलं तर एकच म्हणतील.